कोष्टकातील शेरा : बीड जिल्ह्याच्या दप्तरापासून संगणकीय तक्त्यापर्यंत

१. प्रास्ताविक

संशोधनात माहितीचे कोष्टक मांडणे आता इतके नित्याचे झाले आहे की, कोष्टकाच्या घरात बसविलेला आकडा स्वयंपूर्ण असतो, असा एक समज आपल्यात नकळत रुजत चालला आहे. वस्तुतः कोणताही आकडा एकट्याने अर्थ सांगत नाही. तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कशावरून लिहिला, त्याचे परिमाण कोणते आणि लिहिणाऱ्यास त्याविषयी काही शंका होती काय, या गोष्टी त्याच्या शेजारी कोठेतरी नोंदलेल्या असाव्या लागतात. जुन्या दप्तरात अशा नोंदीस 'शेरा' म्हणत. संगणकाच्या तक्त्यात तिला 'नोट' अथवा 'कॉमेंट' म्हणतात. या नोंदीची वाटचाल बीड जिल्ह्याच्या संदर्भात तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे लक्ष वळण्यास एक घटना कारण झाली. ती लेखकाच्या स्वतःच्या चुकीची असल्यामुळे सांगण्यास संकोच नाही. काही वर्षांपूर्वी पाटोदा आणि शिरूर या तालुक्यांतील ऊसतोड मजुरांच्या बोलीतील शब्द गोळा करीत असता मुकादमांच्या वह्यांतील काही आकडेही हाती आले. ते एक्सेलच्या तक्त्यात उतरविले. एका टोळीपुढे 'कोयते : १२' अशी नोंद होती. त्या घराला एक टीप जोडली की, या व्यवसायात 'कोयता' हे केवळ हत्याराचे नाव नसून मजुरांच्या मोजणीचे परिमाण आहे. एक कोयता म्हणजे नवराबायकोचे एक जोडपे, आणि एकट्या मजुरास 'अर्धा कोयता' म्हणतात. तक्ता छापून एका चर्चासत्रात वाटला. चर्चेत एका अभ्यासकाने त्या टोळीत बारा मजूर असल्याचे गृहीत धरून आपला मुद्दा मांडला. त्यांची चूक नव्हती. टीप पडद्यावर होती, कागदावर नव्हती. परिणामी बारा स्त्रिया, ज्या पुरुषांच्या बरोबरीने उसाच्या फडात राबत होत्या, त्या छापील कागदावरून नाहीशा झाल्या.

ही चूक एका व्यक्तीच्या निष्काळजीपणाची खरी. तथापि तिच्या मुळाशी नोंद ठेवण्याच्या पद्धतीत झालेला एक मोठा बदल आहे. जुन्या कागदात शेऱ्यास स्वतःचा स्तंभ असे. म्हणून कागद जेथे जाई तेथे शेराही जाई. संगणकाच्या तक्त्यात टीप घरात नसते, घरावर तरंगत असते. आणि ती कागदावर उतरावी अशी कोणी स्पष्ट आज्ञा दिल्याखेरीज ती उतरत नाही.

२. शब्दांची साक्ष

प्रथम शब्दांचा विचार करू. 'शेरा' हा शब्द अरबी 'शर्ह' या शब्दाशी जोडला जातो. शर्ह म्हणजे उलगडा, विवरण. अरबी-फारसी विद्यापरंपरेत एखाद्या ग्रंथावर लिहिलेल्या भाष्यासही शर्ह म्हणत. म्हणजे संस्कृत परंपरेत 'टीका' आणि 'टिप्पणी' या शब्दांना जे स्थान, तेच तेथे या शब्दाला. मराठीत तो आला तो मात्र ग्रंथशाळेतून नव्हे, तर कचेरीतून. त्यामुळे त्याचा विस्तार आटला आणि भाष्याऐवजी 'कागदावर लिहिलेला थोडक्यातला अभिप्राय' असा अर्थ रूढ झाला.

उर्दू दप्तरात याच स्तंभाच्या माथ्यावर 'कैफियत' असे लिहीत. हाही शब्द मूळचा अरबी; 'कैफ' म्हणजे 'कसे', आणि कैफियत म्हणजे 'कसेपणा', अर्थात् स्थिती अथवा प्रकार. दख्खनेत गावाच्या किंवा घराण्याच्या वृत्तान्तासही कैफियत म्हणत. कर्नल कॉलिन मॅकेन्झी याच्या संग्रहात अशा कैफियती पुष्कळ आहेत. कोष्टकाच्या दृष्टीने हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. आकड्यांचे स्तंभ 'किती' या प्रश्नाचे उत्तर देतात. कैफियतीचा स्तंभ 'कसे' या प्रश्नाचे उत्तर देतो.

तिसरा शब्द 'मखलाशी'. पेशवाईतील याद्यांत एकेक कलम मांडून त्यावर अधिकाऱ्याचा निर्णय लिहीत. अशा अभिप्रायास मखलाशी म्हणत. यादी आणि तिच्यावरील मखलाशी मिळून एक कागद पुरा होई. नुसती यादी म्हणजे केवळ मागणी. मखलाशीने तिला आज्ञेचे स्वरूप येई.

या तिन्ही शब्दांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. आज बोलताना 'शेरा मारला' म्हटले की बहुधा टोमणा अभिप्रेत असतो. 'कैफियत मांडणे' म्हणजे गाऱ्हाणे सांगणे. 'मखलाशी करणे' म्हणजे शब्दांची सारवासारव करणे. अर्थाच्या अपकर्षाची ही तीन उदाहरणे एकाच क्षेत्रातील असावीत, हा केवळ योगायोग वाटत नाही. कचेरीत ज्याच्याविषयी शेरा लिहिला जाई, त्याला त्यातील विवरणापेक्षा त्याचा फटकाच अधिक जाणवत असावा, आणि भाषेने त्याची बाजू उचलून धरली असावी. असे असले तरी शब्दाला बट्टा लागला म्हणून त्यामागील गरज संपत नाही.

३. बीडच्या दप्तरातील आकडे

बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे. एकाच शतकात एवढी स्थित्यंतरे पाहिलेल्या जिल्ह्याच्या कागदांत भाषा, लिपी, सन, चलन आणि मोजमाप या सर्वांची सरमिसळ असणे स्वाभाविक आहे. संस्थानच्या कारभाराची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारसीवरून उर्दूवर आली. गावपातळीवर मोडी आणि मराठी चालूच होती. अशा कागदांतील आकडा आजच्या तक्त्यात उतरविताना त्याला टिपेवाचून ठेवणे म्हणजे त्याचा अर्थ अर्धा सांडून देणे होय. चार उदाहरणे घेऊ.

पहिले सनाचे. संस्थानात फसली सन चाले. दख्खनी फसलीत साधारणपणे ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. पण निजामी कारभारात हे वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्याने एक फसली वर्ष दोन इसवी वर्षांत विभागले जाते. फसली १३५७ म्हणजे १९४७ चा ऑक्टोबर ते १९४८ चा ऑक्टोबर. कोष्टकात नुसते '१९४७' लिहिले तर रझाकारांच्या धुमाकुळाचा आणि संस्थानच्या विलीनीकरणाचा काळ एका वर्षाने मागे सरकतो.

दुसरे चलनाचे. संस्थानचे नाणे 'हाली सिक्का'. सात हाली रुपये बरोबर सहा कलदार रुपये, हा त्याचा रूढ विनिमयदर. म्हणून एखाद्या गावाच्या सारावसुलीपुढे ७०० हा आकडा असेल, तर तो हाली असल्यास ब्रिटिश हिंदुस्थानच्या चलनात ६०० होतो. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यातील गावाशी, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील गावाशी, तुलना करणाऱ्या संशोधकाने हा भेद नोंदला नाही, तर सीमेच्या अलीकडचे शेतकरी सहाव्या हिश्शाने अधिक सारा भरीत होते, असा खोटा निष्कर्ष सहज निघेल.

तिसरे स्थलनामाचे. निजामी कागदांत 'मोमिनाबाद' म्हणून येणारे गाव म्हणजे आजचे अंबाजोगाई. जिल्ह्याच्या नावाचे इंग्रजी लेखनही भीर, बीर, बीड असे बदलत आले आहे. संगणक ही सर्व निरनिराळी गावे व निरनिराळे जिल्हे समजतो. चौथे उदाहरण मापाचे. जुने क्षेत्र एकर-गुंठ्यांत, नवे हेक्टर-आरमध्ये. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, परंतु शंभर आरांचे एक हेक्टर. '२.२०' ही नोंद एका पद्धतीत अडीच एकर होते, तर दुसरीत दोन हेक्टर वीस आर.

आता खुद्द दप्तराने शेऱ्याची व्यवस्था कशी केली, ते पाहू. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास सर्वाधिक परिचित असलेला कागद म्हणजे सातबारा. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, व गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. दोन्ही मिळून सातबारा. नमुना बाराच्या शेवटी शेऱ्याचा स्तंभ असतो. नमुना सातमध्ये 'इतर अधिकार' हा भाग आहे. कुळाचा हक्क, कर्जाचा बोजा, हस्तांतरणावरील बंधन या गोष्टी तेथे येतात. मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० अन्वये कुळांना मिळालेल्या हक्कांचे आणि इनाम जमिनींवरील निर्बंधांचे उल्लेखही याच भागात सापडतात. मालकाचे नाव आणि क्षेत्र वाचून जमीन घेणारा, पण 'इतर अधिकार' न वाचणारा माणूस पुढे कोर्टाच्या पायऱ्या चढतो, हे ग्रामीण भागात कोणासही सांगावे लागत नाही.

याहून मार्मिक योजना फेरफाराची. हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात एक क्रमांक घातलेला दिसतो. तो गाव नमुना सहामधील फेरफाराचा क्रमांक. नाव का बदलले, वारसाने की खरेदीने, कोणत्या तारखेस, कोणी प्रमाणित केले, हे सर्व विवरण त्या दुसऱ्या वहीत असते. म्हणजे घरात फक्त खूण, आणि विवरण अन्यत्र. संगणकीय तक्त्यातील घराच्या कोपऱ्यात दिसणारा लाल त्रिकोण हेच काम करतो. येथे आपल्या मूळ विधानास एक पुरवणी जोडली पाहिजे. जुन्या कागदातही प्रत्येक टीप मूळ पानावर नव्हती. काही टिपा दुसऱ्या वहीत होत्या, आणि सातबाऱ्याची नक्कल मागणाऱ्यास फेरफाराची नक्कल निराळी मागावी लागे. परंतु वर्तुळातील क्रमांक नकलेवर उतरत असे. विवरण हाती नसले तरी विवरण आहे आणि ते अमुक ठिकाणी आहे, एवढे वाचकास कळे. संगणकाचा लाल त्रिकोण एरवी छापील कागदावर उमटतच नाही. फरक पडतो तो येथे.

अशा लहान नोंदींचे मोल किती, याचा प्रत्यय अलीकडेच आला. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि मराठवाड्यातील निजामकालीन व अन्य जुन्या अभिलेखांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गरज एकाएकी भासू लागली. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूशी येथे कर्तव्य नाही. परंतु ऐंशी-शंभर वर्षांपूर्वी एखाद्या लेखनिकाने स्तंभातील एका घरात लिहिलेला एक शब्द आज एका कुटुंबाच्या शिक्षणावर व नोकरीवर परिणाम करू शकतो, ही गोष्ट नोंदीच्या शास्त्राचा विचार करणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

४. पासोडी आणि पसरलेला कागद

संगणकीय तक्त्यास इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ 'पसरलेला कागद' असा. हिशेबनीस समोरासमोरच्या दोन पानांवर आडवा पसरणारा जो तक्ता आखीत, त्यावरून तो आला. अंबाजोगाईत 'पसरलेल्या' लेखनाचे एक विलक्षण उदाहरण आहे. दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा पासोडीवर पंचीकरण लिहिले. विषयच मुळात कोष्टकाचा. पाच महाभूतांपैकी प्रत्येकाचा अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चौघांचा प्रत्येकी अष्टमांश. अशी पाच गुणिले पाच, म्हणजे पंचवीस घरे. या घरांचे विवेचन त्याच कापडावर आहे. पासोडी उलगडली की विवेचनही उलगडते. त्यासाठी निराळी आज्ञा करावी लागत नाही.

संगणकावरील पहिला लोकप्रिय तक्ता 'व्हिजिकॅल्क' हा १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी तयार केला. त्यात ६३ स्तंभ व २५४ ओळी होत्या. १९८३ मध्ये 'लोटस १-२-३' आला. १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी आणि १९८७ मध्ये विंडोजसाठी 'एक्सेल' आले. या साधनांचा सारा भर गणितावर होता. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलतात, हेच त्यांचे नवल. घर आकड्यासाठी आणि सूत्रासाठी. विवरण ही नंतरची सोय. एक्सेलच्या १९९७ च्या आवृत्तीत तिला 'कॉमेंट' हे नाव मिळाले आणि आज परिचित असलेले रूप आले : घराच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लाल त्रिकोण, आणि त्यावर दर्शक नेला असता उघडणारी पिवळसर चौकट. ही चौकट तक्त्याच्या घरात नसून चित्रांच्या निराळ्या थरावर असते. पुढे २०१८-१९ च्या सुमारास तिचे दोन प्रकार झाले. जुन्या चौकटीस 'नोट' म्हणू लागले आणि 'कॉमेंट' हे नाव प्रश्नोत्तरांच्या साखळीस दिले गेले.

हा भेद दप्तराच्या भाषेत सांगावयाचा तर नोट म्हणजे शेरा आणि नवी कॉमेंट म्हणजे यादीवरील कलम व त्यावरील मखलाशी. कॉमेंटमध्ये लिहिणाऱ्याचे नाव व वेळ आपोआप नोंदली जाते. नोटमध्ये आरंभी केवळ नाव येते, तारीख आपणच घालावयाची असते. तारीख व सही नसलेला शेरा दप्तरात कोणी ग्राह्य धरीत नसे. तोच दंडक येथेही पाळणे इष्ट.

मराठीत काम करणाऱ्यास आणखी एक अडचण होती. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या टंकांत मराठी लिहिले जाई. घरातील मजकुराला तो टंक लावता येई; पण तोच मजकूर टंक न लावता टिपेच्या चौकटीत पडला की रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसे. देवनागरीला युनिकोडमध्ये आरंभापासून, म्हणजे १९९१ पासून स्थान असले, तरी ती रोजच्या वापरात येण्यास पुष्कळ वर्षे लागली. त्या मधल्या काळात टिपा इंग्रजीत लिहिणे किंवा न लिहिणे, हे दोनच मार्ग अनेकांना सोयीचे वाटले.

५. टीप जोडणे आणि छापणे

आता प्रत्यक्ष कृतीचा विचार. एक्सेलमध्ये घर निवडून शिफ्ट व एफ-२ या कळा एकत्र दाबल्या की नोटची चौकट उघडते. ती लिहिणे सोपे आहे; कागदावर आणणे हीच विसरली जाणारी पायरी. त्यासाठी 'पेज लेआउट' मधून 'पेज सेटअप' ची चौकट उघडून 'शीट' या भागात जावे. तेथे टिपांविषयी तीन पर्याय आहेत. पहिला, काहीच न छापण्याचा. मुळात हाच निवडलेला असतो. दुसरा, सर्व टिपा तक्त्याच्या शेवटी निराळ्या पानावर छापण्याचा. तिसरा, पडद्यावर जशा दिसतात तशा जागच्या जागी छापण्याचा. हा केवळ नोटसाठी उपलब्ध असून त्याआधी नोट उघड्या करून ठेवाव्या लागतात.

तिसरा पर्याय दिसण्यास आकर्षक आहे, परंतु उघडी चौकट शेजारची घरे झाकते. एका आकड्याचा खुलासा करताना दुसरा आकडा दडविणे संशोधनास परवडणारे नाही. म्हणून टिपा थोड्या असतील तरच तो घ्यावा. दुसरा पर्याय तळटिपांच्या परंपरेस अधिक जवळचा. शेवटच्या पानावर घराचा पत्ता आणि त्यापुढे टीप, अशी यादी येते. मात्र 'बी-४' हा पत्ता वाचकास कळावयाचा, तर तक्त्यावर स्तंभांची अक्षरे व ओळींचे क्रमांक छापले गेले पाहिजेत. एरवी ते छापले जात नाहीत. त्याच चौकटीत ओळी-स्तंभांच्या मथळ्यांची खूण करावी लागते. ही खूण विसरल्यास टिपांचे पान हाती असूनही निरुपयोगी ठरते. फेरफाराची वही आहे, पण सातबाऱ्यावर वर्तुळातला क्रमांक नाही, अशी ती अवस्था होय.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांनी पानाच्या शैलीत जाऊन 'शीट' या भागात टिपा छापण्याची खूण करावी. तेथेही त्या निराळ्या पानावर येतात. तक्ता 'सीएसव्ही' या साध्या रूपात साठविल्यास मात्र सर्व टिपा नष्ट होतात, आणि पुढील संशोधकाच्या हाती केवळ आकडे पडतात. आपल्याकडील पुष्कळशी माहिती याच रूपात एका संगणकावरून दुसऱ्यावर जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या मर्यादेचे गांभीर्य ध्यानी येते.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. शेऱ्याचा स्तंभ ही दप्तराची जुनाट सवय नव्हती; लिहिणारा गेल्यावरही कागद वाचता यावा, यासाठी केलेली ती तजवीज होती. संगणकाने टीप जोडणे पूर्वीपेक्षा सोपे केले आणि ती गमावणेही तितकेच सोपे केले. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सुचवावेसे वाटते की, ज्या टिपेवाचून आकड्याचा अर्थ बदलतो, ती चौकटीत न ठेवता तक्त्यातच 'शेरा' असा स्वतंत्र स्तंभ आखून लिहावी. परिमाण, सन, चलन आणि स्थलनाम यांची टीप या वर्गात मोडते. वाचनाची शंका, निवेदकाविषयीचे स्मरण, मार्गदर्शकाशी झालेली चर्चा यांना चौकट पुरेशी आहे. परंतु प्रबंध सादर करताना त्यांचेही पान तक्त्यामागे छापून जोडावे.

आरंभी सांगितलेला तक्ता नंतर दुरुस्त केला. 'कोयते : १२' ही नोंद मुकादमाच्या वहीतली असल्यामुळे ती तशीच ठेवली. तिच्यापुढे 'माणसे : २४' असा नवा स्तंभ घातला, आणि त्यापुढे शेरा लिहिला : 'एक कोयता म्हणजे एक जोडपे, पैकी स्त्रिया १२.' हा तक्ता आता कोणी कसाही छापला, तरी त्या बारा जणी कागदावर राहतील.